भुईखालचं कांडण

कपाशीची बोंडं उकलायला लागली की अमरावतीत, राजापेठेतल्या माझ्या खोलीतही ते कळतं. जिनिंगकडे जाणाऱ्या गाड्या पहाटेपासून वाजतात, रस्त्याकडेच्या कडुनिंबांच्या खालच्या फांद्यांना कापसाचे पुंजके अडकतात आणि उंबरा कितीही झाडला तरी पुन्हा पांढरा होतो. दुपारी ऊन चटका देतं, संध्याकाळी अंगावर पदर ओढून घ्यावासा वाटतो. शाळेत सहामाहीचे पेपर तपासायचे असतात आणि नेमका याच दिवसांत वरच्या वर्गाला चुनखडीच्या प्रदेशाचा धडा येतो. मी फळ्यावर गुहेचं चित्र काढते. छतावरून लोंबणारे खांब, जमिनीवरून वर चढणारे खांब, मधून वाहणारा ओढा. ओढ्यासाठी निळा खडू वापरते. दरवर्षी एखादी तरी मुलगी विचारते, "बाई, तुम्ही खरंच पाह्यली का हो अशी?" मी "पाहिली" म्हणते आणि पुढच्या मुद्द्याकडे वळते. तास लहान असतो, धडा मोठा.

आज सुटी आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

वऱ्हाड म्हटलं की काळा दगड आणि काळी माती. दर्यापूरकडे गेलात तर पावसाळ्यात चप्पल हातात घेऊन चालावं लागतं. पण मोर्शीच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी, एक पांढरी पट्टी आहे. तिथल्या एका खेड्यात माझी आत्या दिली होती. लहानपणी तिच्याकडून परत आलं की आमचे पाय पोटरीपर्यंत पांढरे असत आणि आई अंगणातच धुवायला लावायची. त्या गावामागे एक ठेंगणी टेकडी आहे, आणि तिला येऊन धडकणारा एक नाला. धडकतो आणि नाहीसा होतो. टेकडीच्या बुडाशी उंबराच्या मुळांत एक आडवं तोंड आहे, त्यात तो शिरतो आणि पुन्हा कुठेच दिसत नाही. लोक त्याला बुडीचा नाला म्हणायचे. आत कुणी जात नव्हतं. भीती थोडी होती, पण खरी गोष्ट अशी की आत जायला कुणाला कारण नव्हतं. आत ना चारा, ना सरपण.

आम्हाला कारण मिळालं ते धम्मदीक्षेनंतरच्या वर्षी.

नागपूरहून दीक्षा घेऊन आल्यावर आत्याच्या वस्तीनं मेलेली ढोरं ओढायचं सोडलं. गावकीची बाकीची कामंही सोडली. गावानं मग पाणी बंद केलं. आधीसुद्धा आमच्या बायांना विहिरीला हात लावता येत नव्हताच. काठापासून लांब घागर ठेवून बसायचं, कुणाला दया आली की ती वरून ओतायची. आता ते ओतणंही थांबलं. नदीच्या वाळूत झिरे खणून वस्ती दिवस काढत होती, पण झिरे होळीच्या आत आटतात. पुढे शेजारच्या गावापर्यंत चालायचं, तेही तिथल्यांनी देऊ केलं तर. गायरानात गड्यांनी दोनदा विहीर खणून पाहिली होती, दोन्ही वेळा कोरडा दगड. कामं बुडवून तिसऱ्यांदा खणायचं तर पाणी लागलंच पाहिजे, नाहीतर उन्हाळ्यात वस्ती उठवावी लागणार, असं सगळे उघड बोलत होते.

मी तेव्हा अमरावतीत नुकतीच शिक्षिका झाले होते. दिवाळीच्या सुटीत आत्याकडे गेले, तर ती चुलीशी भाकरी थापत होती. वळून न पाहता म्हणाली, "तू भूगोल शिकवतं नं वं? मंग हे सांग, बुडीच्या नाल्याचं पाणी जाते कुठी?"

"आत जाऊन पाहावं लागेल, आत्या."

"मंग जाय. बसली काहून?"

आत्याचं सगळं बोलणं असंच. पुण्याकडच्या माझ्या एका मैत्रिणीला ते भांडण वाटायचं.

तयारी आम्ही घरातल्या वस्तूंनीच केली. ब्याटरी होती, शिवाय सायकलला लावायचा कार्बाइडचा दिवा उसना आणला. होकायंत्र मी शाळेतून मागून घेतलं. कागद पाण्यात टिकणार नाही म्हणून रॉकेलच्या रिकाम्या डब्याचा पत्रा कापला आणि त्यावर खिळ्यानं रेघा मारायचं ठरवलं. मापाला फीत नव्हती. पण आत्याचे सासरे माग चालवायचे. माग कधीच बंद पडला होता, तरी माळ्यावर सुताची बोचकी होती. आत्यानं मांडीवर पीळ घालून त्याची लांबच लांब दोरी वळली आणि हाताहातावर गाठ मारली. माझी गोल साडी पाहून ती म्हणाली, "हे नेसून रांगशीन का आतमंदी?" आणि तिनं स्वतःचं नऊवारी लुगडं मला कासोटा घालून नेसवलं. रांगायला, चढायला आणि पाण्यात उतरायला याहून सोयीचं वस्त्र मी आजवर पाहिलेलं नाही.

माझ्याबरोबर आत शेवंता आली. आत्याची सून. अंगानं बारीक, तोंडानं तिखट. आत्या उंबराखाली दोरीचं एक टोक धरून बसली.

पुस्तकातल्या गुहा उभ्या असतात. ही आडवी होती. पहिला टप्पा पोटावर सरकत जायचा, हनुवटी पाण्याला टेकायची. आतून गार हवा येत होती, तिला ओल्या राखेचा आणि वटवाघळांचा वास होता. कार्बाइडचा दिवा सुसू करत होता. मग छत एकाएकी वर गेलं आणि आम्ही उभ्या राहिलो. दिवा वर धरला तर छताला गाईच्या सडांसारखे चुन्याचे कोंब लोंबत होते आणि प्रत्येकाच्या टोकाला एक थेंब. थेंब पडायचा, मग तिथे दुसरा जमू लागायचा. घाई कुठेच नव्हती. भिंतीवर लांब मिशांचे फिक्कट किडे होते, दिव्याकडे ढुंकून न पाहणारे. शेवंतानं छताजवळच्या एका फटीत बोट घातलं आणि सुकलेली पऱ्हाटी ओढून काढली. कुणाच्या तरी वावरातली कपाशीची काडी, पुरात आलेली. म्हणजे पावसाळ्यात इथे छतापर्यंत पाणी असतं.

"आपून आखाडात आलो असतो तं?" शेवंता म्हणाली.

"आलो नसतो."

"अन् आलो असतो तं?"

"तर आत्या बाहेर दोरी धरून बसली असती. पुढे चल."

मला अंधाराबद्दल फार बोलता येत नाही. लोक विचारतात, भीती नाही वाटली का? वाटली, पण हातात काम होतं. गाठी मोजायच्या, होकायंत्राची सुई थांबेपर्यंत श्वास धरायचा, पत्र्यावर रेघ ओढायची, रुंदी, उंची, पाणी किती, तळाशी वाळू की दगड. ज्या जागेचं माप घेतलं, ती जागा आपल्याशी निराळी वागते. येताना तिच्या वळणांची ओळख पटलेली असते. मुलींना नकाशा काढायला मी अजून चालून चालूनच शिकवते, त्याचं कारण हे.

शेवटी वाट अरुंद झाली आणि एका खळग्यापाशी संपली. वाहत्या पाण्यानं गोटे फिरवून फिरवून दगडात कोरलेला, रांजणासारखा खोल, तोंड चिंचोळं. दोरीला दगड बांधून सोडला तर तो बराच वेळ जातच राहिला. पाण्यात बोटभर मासे होते, पांढरे, डोळे असून नसल्यासारखे.

शेवंता वाकून पाहत होती. म्हणाली, "मासोळ्या हायेत म्हणजे हे पाणी कधी आटत नसन."

हे तिनं आधी म्हटलं. मी त्याच विचाराशी येऊन पोचत होते.

बाहेर येऊन पत्र्यावरचं सगळं मी कागदावर उतरवलं. मग होकायंत्र आणि बांबूची मोजलेली काठी घेऊन टेकडीवरून, वावरांतून चालत गेले आणि जिथे रांजण यायला हवा तिथे खुंटी ठोकली. ती बरोबर गायरानात पडली, वस्तीच्या बाजूला. सगळे आनंदानं हसत होते. गड्यांनी दुसऱ्या दिवशी कुदळी आणल्या. वर पांढरी माती, मग मुरूम, मग दगड. दगड फोडून फोडून त्यांचे हात सोलवटले. ओल नाही. खाली पोकळीचा आवाजही नाही.

एका दुपारी दोरी कुंपणावर वाळत होती आणि शेजारी बांबूची काठी टेकवलेली होती. मी सहज पाहिलं, तर दोरीच्या गाठी काठीवरच्या खुणांशी जुळेनात. प्रत्येक गाठ थोडी आधीच येत होती. सूत कोरं होतं. पाणी पिऊन आखडलं होतं. आत आम्ही आखडलेल्या गाठी मोजल्या आणि वर पूर्ण हात मोजत पुढे निघून गेलो. मी हाक मारली तशी आत्या धावत आली. दोरी हातात घेऊन तिनं ताणून पाहिली आणि कपाळावर हात मारला.

"मीबी ईसरली वं. आधी भिजवून घ्याले पायजे होती."

जन्मभर सूत पाहिलेली बाई आणि भूगोल शिकवणारी बाई, दोघींनी मिळून ही चूक केली. खड्ड्यातून वर येत एक गडी म्हणाला, "मास्तरीनबाईचा नकाशा चुलीत घाला, भाकर तरी शेकन." त्याचे हात पाहिले आणि मी पत्रा पुन्हा पुढ्यात ओढला. नवा हिशेब केला तर जागा मागे सरकत होती. गायरानाचा धुरा, म्हणजे बांध, ओलांडून पलीकडे, गिरजाबाईच्या कपाशीत.

गिरजाबाई कुणब्याची विधवा. मूलबाळ नाही, दीर शेजारी राहून तिच्या वावरावर डोळा ठेवून. बाई एकटीनं शेत सांभाळायची आणि तोंडाच्या जोरावर सांभाळायची.

आता गाठींवर माझा विश्वास उरला नव्हता. आत्यानं घरातलं मुसळ काढलं. ठरलं असं की शेवंता आणि तिचा नवरा मुसळ घेऊन आत जातील आणि रांजणाजवळच्या दगडावर कांडत राहतील. आम्ही वर भुईला कान लावून ऐकायचं.

सकाळचं दव कपाशीवर होतं. उकललेल्या बोंडांचा एक वास असतो, उन्हात ठेवलेल्या गादीसारखा. आत्या आणि मी दोन ओळींमध्ये आडव्या झालो, थोडं सरकलो, पुन्हा आडव्या झालो. आधी नुसता माझ्याच कानातला आवाज. मग, अगदी खाली, धप्. थांबून, धप्. कोणाच्या तरी घरात पहाटे कांडण चाललंय आणि आपण शेजारच्या घरात अर्धवट जागे आहोत, तसं.

तेवढ्यात गिरजाबाई हातात दहीभाताची वाटी घेऊन आली. कापसाचा पहिला वेचा सुरू करण्याआधी वावराच्या कोपऱ्यात दहीभात ठेवून पूजा करतात, तिला आमच्याकडे सीतादही म्हणतात. त्या दिवशी तिची सीतादही होती.

"काय वं, माह्या वावरात आडव्या काहून झाल्या? कापूस चोराले आल्या का झोपाले?"

आत्या कान न उचलता म्हणाली, "चूप राह्य बाई जराशी. ऐकू येऊन राह्यलं."

"काय ऐकू येऊन राह्यलं?"

"माही सून कांडून राह्यली. तुह्या कपाशीखाली."

गिरजाबाईनं वाटी धुऱ्यावर ठेवली. आधी वाकली, मग गुडघ्यावर बसली, मग आमच्यापासून थोडं अंतर राखून सरळ आडवी झाली.

"मायबाई," ती म्हणाली. "हे तं खरंच कांडण हाय." आणि लगेच उठून बसली. "म्हणजे माहं वावर खालून पोकळ हाय! बैल गेला खाली तं?"

आत्यानं तिथेच, मातीत बसूनच, तिला मागितलं. धुऱ्यालगतचा एक कोपरा, विहिरीपुरता. पाणी तिलाही मिळेल, कपाशीनंतर उन्हाळ्यात भाजी लावता येईल. गिरजाबाई लगेच नाही म्हणाली नाही. विचार करून दुसऱ्या दिवशी सांगितलं: कोपरा देते, पण दोर ओढायची दोन चाकं बसवायची. एक तिच्या बाजूला, एक गायरानाच्या बाजूला, आणि मध्ये कमरेएवढी भिंत. "मले गावात राह्यचं हाय," ती म्हणाली. "दीर टपूनच हाय माह्या वावरावर. तुमच्या चाकाचं पाणी पेली म्हणून उद्या मले वाळीत टाकलं तं कोण येईन, तुमी?"

तिचं खोटं नव्हतं. मला वाटलं, प्रश्न सुटला. आत्यानं मान हलवली.

"नाई."

घरी आल्यावर मी तिच्यावर चिडले. "आत्या, आधी पाणी मिळू दे. भिंतीचं नंतर पाहू."

"नंतर कोणी पाहत नसते. बांधलेली भित बांधलेलीच राहते."

"आणि होळीनंतर पोरं काय पितील?"

तिनं डोळ्यांत पाणी आणलं नाही, आवाजही चढवला नाही. "तेच तं मी रातभर इचार करून राह्यली. पण सांग, नागपूरले काय आपून नुसतं गाव पाहाले गेलो होतो?"

मी व्यवहारी बाई आहे, तेव्हाही होते. अजूनही कधीकधी मनात येतं की मी आत्याच्या जागी असते तर दोन चाकं घेतली असती, पाणी भरलं असतं आणि भिंतीकडे पाहायचं टाळलं असतं. आणि तसं टाळता टाळता माझ्या भाच्यांना ती भिंत आपली वाटायला लागली असती.

मी पत्रा पुन्हा काढला. दोरी आता भिजवून, वाळवून, पुरती आखडवून घेतली होती. शेवंताला घेऊन पुन्हा आत गेले आणि रांजणाच्या भोवतालचं माप नीट घेतलं. मग गिरजाबाईला कागद दाखवला. रांजणाचं तोंड चिंचोळं. त्याच्या आधीचा ओहोळ उन्हाळ्यात आटणार, पाणी राहील ते एवढ्या तोंडातच. वरून विहीर कितीही रुंद खणली तरी खाली एका वेळी एकच बादली जाईल. दोन दोर सोडले तर गुंतणार.

"तोंड फोडून मोठं करा. सुरुंग लावा."

"रांजण तडकला तर पाणी खाली निघून जाईल. मग तुम्हालाही नाही आणि आम्हालाही नाही."

तिनं कागद उलटासुलटा करून पाहिला. "कागदावर तं कोणीबी रेघ मारते. मले दाखव."

मला वाटलं, बाई बोलण्यापुरती बोलली. पण दुपारी ती उंबराखाली आली. पदर खोचलेला, कासोटा घट्ट. आत्यानं दोरी तिच्या कमरेला बांधली. पुढे शेवंता, मध्ये गिरजाबाई, मागे दिवा घेऊन मी. पोटावर सरकायच्या टप्प्यात तिचं लुगडं दगडाला अडकलं. ना पुढे, ना मागे. पाणी तिच्या गळ्याशी. तिचा श्वास मोठ्यानं ऐकू यायला लागला. शेवंतानं वळून हात पुढे केला. गिरजाबाईनं क्षणभर त्या हाताकडे पाहिलं. दिवा माझ्याकडे होता, म्हणून मला दिसलं. मग तिनं तो मनगटापासून घट्ट धरला आणि शेवंतानं तिला ओढून घेतलं.

रांजणापाशी ती बराच वेळ बसली. दोन्ही हात पसरले, तर दोन्ही कोपरं दगडाला टेकली. शेवंताला म्हणाली, "तू तिकडून उभी राह्य पाहू." उभं राहायला जागाच नव्हती. खाली पांढरे मासे दिव्याच्या उजेडात जागेवरच हलत होते.

"हे काय खातात वं?" तिनं विचारलं.

"माहीत नाही," मी म्हटलं. आजही माहीत नाही.

घरी जाऊन तिनं डोक्यावरून आंघोळ केली की नाही, ते मला ठाऊक नाही. मी विचारलं नाही. आत्यालाही विचारू दिलं नाही.

दोन दिवस ती धुऱ्याकडे फिरकली नाही. वेचा जोरात सुरू होता. बाया कमरेच्या ओट्यात कापूस भरत ओळीनं पुढे सरकायच्या, मी धुऱ्यावर बसून त्यांच्याकडे पाहत राहायचे आणि शाळा उघडायची वेळ जवळ येत होती. निघायच्या सकाळी ती आली. हातात विळा. आत्याच्या दारापासून जरा लांब उभी राहून म्हणाली, "आखा तुमच्या हिरीचा गोल. पण कपाशीतली माही तूर तुडवली तं पाय तोडीन."

"अन् चाक?" आत्या म्हणाली.

"एकच बसते नं? मंग एकच बसवा. मले काय इचारता."

पुढचं मी पाहिलं नाही, फक्त ऐकलं. गड्यांनी हिवाळाभर खणलं. नकाशा चुलीत घाला म्हणणाराच शेवटची पहार मारायला खाली होता. ती आरपार गेली आणि खालून गार हवा त्याच्या तोंडावर आली, तेव्हा तो घाबरून वर पळत आला म्हणे. गिरजाबाईच्या दिरानं तिच्याशी बोलणं टाकलं. गावातल्या दोन घरांनी तिच्याकडे येणं बंद केलं. तिनं त्याबद्दल कुणाजवळ काही म्हटलं असेल तर ते माझ्या कानावर आलं नाही.

मे महिन्यात सुटी लागताच मी गेले. नदीचे झिरे कोरडे ठक्क होते, झाडांना पानं नव्हती, आणि धुऱ्यावर बायांची रांग होती. चाक करकरत होतं. शेवंता दोर ओढत होती आणि पाणी भरून थांबलेल्या एका बाईशी गप्पा मारत होती. रांगेत तिच्यामागे गिरजाबाई, डोक्यावर पदर, कमरेवर पितळी गुंड, घामानं डबडबलेली.

"आटप वं शेवंते! का दिवसभर तूच भरतं?"

"पहाटे यावं लागते मावशी. झोपून राह्यलं तं मांगच राह्यनार."

"मोठी आली सांगनारी. हट, सोड दोर."

शेवंतानं आपली भरलेली घागर डोक्यावर घेतली आणि दोर तिच्या हातात दिला. गिरजाबाईनं बादली खाली सोडली आणि पाणी लागेपर्यंत शेवंताला शिव्या देत राहिली. मी आत्याची घागर घेऊन तिच्यामागे उभी राहिले.